मागल्या दारची चूल

मागलं दार ढकलून दिशा बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली.

चुलीवर अंघोळीच्या पाण्याचा टोप चढवलेला होता. खालच्या ज्वाळा निळसर-हिरव्या दिसत होत्या. लाकडांवर डब्याचं एक गुलाबी झाकण वाकडंतिकडं होत वितळत होतं. त्याचे पेटते थेंब राखेत गळत होते. काळा धूर भिंतीला घासत वर चढत होता. आणि चुलीपासून हातभर अंतरावर तिची सासू जिजाबाई पाटावर बसली होती. मांडीवर उघडी अनुष्का. पोरीला थंडी वाजू नये म्हणून तिचं तोंड जाळाकडे केलेलं.

दिशाने झडप घालून मुलीला उचललं. अनुष्का खोकायला लागली. तोच सुका, छातीत शिट्टी वाजवणारा खोकला.

ऑफिसच्या कपाटाची किल्ली विसरली म्हणून दिशा बसथांब्यावरून परत आली होती. एरवी ती भाईंदरला ऑफिसला निघून गेल्यावरच अनुष्काची अंघोळ व्हायची. ती अंघोळ कशी होते, हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

पावसाळा संपता संपता, लस देताना डॉक्टर सहज बोलून गेले होते, गरम खाणं प्लॅस्टिकमध्ये देत जाऊ नका, ते अन्नात उतरतं. दिशाने ते फारच मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी फळीवरचे डबे खाली उतरले. नवरा स्वरूप मासेमारीला समुद्रात गेलेला, त्यामुळे विचारायलाही कोणी नव्हतं. जिजाबाईंनी वर्षानुवर्षं जपलेले, पीठ, मसाला, सुकट भरून ठेवलेले डबे गोणीत गेले. स्टीलचे आले, काचेच्या बरण्या आल्या. दुधाची बाटली बदलली.

खोकला त्यानंतर सुरू झाला. दिशाला वाटलं, घरात अजून काहीतरी राहिलंय. मग चमचे गेले, बादल्या गेल्या, खेळणी गेली. ती जितकं काढत गेली तितका खोकला वाढत गेला. काढलेलं सगळं ती मागल्या दारी गोणीत टाकायची. गोणी रिकामी झालेली दिसली की भंगारवाला येऊन गेला असणार, असं धरून चालायची. संध्याकाळी अनुष्काच्या केसांना धुराचा वास यायचा. घरात चूल आहे म्हटल्यावर वास यायचाच.

"आई, हे काय जाळताय तुम्ही?"

जिजाबाईंनी वर पाहिलं. "लाकडां... वली हायत."

"म्हणून प्लॅस्टिक? पोरीला समोर बसवून?"

"तूच टाकलंस." त्या थांबल्या. "वायट हाय म्हनून."

दिशाने पोरीला आत नेऊन ठेवलं. तिने टोप कलंडवून सगळं पाणी चुलीत ओतलं. भसकन धूर उसळला. त्या धुरातच तिच्या तोंडून जे गेले काही दिवस आत साठलं होतं ते बाहेर पडलं.

"डबे टाकले म्हणून माझ्यावर राग आहे ना तुमचा? तो माझ्यावर काढायचा होता. पोरीवर कशाला काढलात?"

जिजाबाईंनी तोंड उघडलं. मग नुसताच हात हलवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

हेच ते न बोलणं. अख्खी हयात भाईंदरच्या बाजारात मासळी विकलेली ही बाई. म्हावरं घ्या गो म्हणून हाक दिली की पार रस्त्यापर्यंत ऐकू जायची. लग्न होऊन आली तेव्हा दिशा त्या आवाजाला घाबरायची, पुढे तिला त्याची सवय झाली, मग आवडायलाही लागला. पण डबे गेले आणि घरातला तो आवाजच गेला. काही विचारलं तर हां, न्हाय, ठेव तिथं. रात्री जेवायलासुद्धा समोर बसायच्या नाहीत, दाराला टेकून बाहेर बघत राहायच्या. आधी दिशाने समजूत काढली. मग तिनेही बोलणं सोडलं.

तिने पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि रिक्षा थांबवली. न बोलावता जिजाबाईही येऊन बसल्या. उत्तनहून भाईंदरपर्यंत दिशा बाहेरच बघत राहिली.

डॉक्टरांनी अनुष्काची छाती, पाठ तपासली. काय जळत होतं ते ऐकून त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"अहो, पोटात जाऊ नये म्हणून काढलंत आणि फुप्फुसात घातलंत. रोज?"

"रोज," दिशा कशीबशी म्हणाली. "ठीक होईल ना ती?"

"होईल. धूर आजपासून बंद. औषध देतो, चार दिवसांनी परत आणा. नशीब, पोर रोज थोडाच वेळ त्या धुरात होती."

दिशाने डोळे पुसले. डॉक्टर मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या पाठीमागे बघत होते. जिजाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. ओठ काळपट झालेले, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते.

"चूल कोण पेटवतं?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता ते उठले आणि त्यांनी जिजाबाईंना धरून खुर्चीवर बसवलं. बोटाला यंत्र लावलं. आकडा बघून नर्सला हाक मारली, ऑक्सिजन आणायला सांगितला.

"आजी, हे कधीपासून होतंय? घरात कोणाला सांगितलं नाहीत?"

जिजाबाईंनी दिशाकडे पाहिलं. एकेका शब्दाला थांबत, पण आज पहिल्यांदाच पूर्ण बोलल्या.

"सांगाया जाते... तं दम सरते. तिला वाटते... मी रुसलेय."