बाईंची परीक्षा

त्या कार्यालयाने बाईंचे चार महिने खाल्ले, आणि तेही त्यांच्याकडे उरलेल्या थोड्या महिन्यांतले.

बाई निवृत्त शिक्षिका. आजार विसरण्याचा. डॉक्टरांनी नवऱ्याला बजावलं होतं, "जे लिहून घ्यायचंय ते तिला कळतंय तोवर घ्या. उशीर झाला तर तिच्या प्रत्येक उपचारासाठी कोर्टाची पायरी चढाल."

कागद तयार होता. पुढचे सगळे निर्णय नवऱ्याने घ्यायचे. फक्त नोंदणी कार्यालयातल्या साहेबासमोर बाईंनी भानावर राहून चार प्रश्नांची उत्तरं द्यायची होती.

साहेबाने सहा वेळा परत पाठवलं. दर वेळी डॉक्टरांचा दाखला मागितला. दाखला फाइलमध्ये होता, त्यावर साहेबाचाच शिक्का होता! कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला नवरा घरी येऊन दात खायचा. "माजलाय मेला!"

आज सातवी खेप. नवऱ्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. दोघं पाणी प्यायला नळाशी गेली, तर बाईंच्या मनगटावर पेनाने वार-तारीख लिहिलेली.

"अगं, हे काय?"

"राहू द्या ना हो. ऐनवेळी दगा नको."

"आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्यास, आणि आता स्वतः?"

"म्हणून तर कुठे लपवायची ते ठाऊक आहे."

त्याने ओल्या रुमालाने मनगट लाल होईपर्यंत पुसलं. बाई पकडल्या गेल्या असत्या तर कागद कायमचा बाद.

आत उकाडा मी म्हणत होता. साहेबाच्या बाह्यांची बटणं मात्र घट्ट लावलेली. कारकून मुलगी त्याच्या खांद्याशी उभी.

"डॉक्टरांचा दाखला?"

नवऱ्याचं डोकं फिरलं. तो तोंड उघडणार तोच मुलीने फाइलवर बोट ठेवलं. "हा काय, साहेब."

"मग आधी का नाही दिलात?" साहेब खेकसला.

मग तो बाईंकडे वळला.

"घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"हे कोण?"

"नवरा. छत्तीस वर्षं सोसतेय."

"कागदात काय लिहिलंय?"

"माझं डोकं चालेनासं झालं की ह्यांचं चालणार. तेवढ्याचीच धास्ती आहे."

मुलगी खुदकन हसली.

"आजची तारीख?"

बाईंची नजर रिकाम्या मनगटावर गेली. नवऱ्याला वाटलं, कशाला पुसलं आपण!

"सतरा," त्या सावकाश म्हणाल्या. "बुधवार."

साहेबाने टेबलाखाली हात नेला, बटण काढलं, मान खाली घातली. मग म्हणाला, "बरोबर."

"झालं, साहेब! मारा शिक्का," मुलगी घाईने म्हणाली.

शिक्का वर गेला. सुटला एकदाचा जीव, असं नवऱ्याला वाटलं, तेवढ्यात बाईंनी साहेबाचं मनगट पकडलं. वर्गात पकडायच्या तसं. बाही मागे सारली. निळ्या शाईत वार, तारीख, आणि खाली साहेबाच्या स्वतःच्या घराचा पत्ता.

बाईंनी मुलीकडे पाहिलं.

"खरं सांग पोरी, ह्यांना हे कधीपासून होतंय?"