जळकट

आम्ही दोघे भाऊ कामाला होतो ती व्हिस्कीची भट्टी बंद पडून बावीस वर्षं झाली. उरलेली लाकडी पिंपं घेणारा व्यापारी त्यातली पहिली बाटली घेऊन घरी आला. "चव तुम्हीच सांगा," म्हणाला. ही व्हिस्की कोवळी असताना मीच चाखून वहीत लिहिलं होतं, "जळकट. सुधारणार नाही." आच सांभाळणारा माझा थोरला भाऊ विनवत होता, "थोडी वर्षं थांब रे, लाकूड जळकेपणा ओढून घेतं." मी म्हणालो, "दादा, तू आच बघ, चव मी बघतो." त्या ओळीवर मालकाने भट्टीला टाळं ठोकलं. वर्षाच्या आत दादाने जीव दिला. आता मी घोट घेतला. मध, धूर, भाजलेलं सफरचंद. मी पेला खाली ठेवला, तसा शेजारी बसलेल्या वहिनीने तो उचलला. तिने जन्मात दारू चाखली नव्हती. घोट तोंडात घोळवून गिळला. "भाऊजी, जळकट कुठे लागतेय?"