काकीचं वजन

निव्वळ मजा म्हणून संपतनं शेजारच्या अमृतच्या स्कूटरच्या सायलेन्सरात फडक्याचा बोळा कोंबला. गाडी चालू व्हायची, पण कितीबी पिळली तरी पळंना. अमृतनं प्लग पुसला, पेट्रोल बदललं, तरी तेच. शेवटी आईला मागं बसवून तो तसाच निघाला, तर गंमत बघायला संपत आपल्या गाडीवर त्यांच्या मागंमागं निघाला.

विंझरच्या चढाला अमृतच्या आईनं, ठकुकाकीनं, उतरून पायी वाट धरली. "संपत, माझंच वजन झेपंना रं हिला."

संपतचं हसू मावळलं. संध्याकाळी त्यानं गुपचूप बोळा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला, तर काकी हरखून दारात.

"कालपास्नं म्या अर्ध्याच भाकरीवर हाय. बघितलीस का, गाडी कशी वाऱ्यावानी पळाया लागली! आता असंच जेवायचं बग."

संपतच्या हातातला घास हातातच राहिला.