दारासमोरचा भोंगा

आगरदांड्याच्या खाडीतून दिघीच्या बोटीने भोंगा दिला, तसे भागोजी ओसरीवरून ताडकन उठले. "बोलावतायत," म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"बसा गप," आवडाबाई आतून ओरडल्या. "सुट्टीच्या दिवशी माझ्या दारासमोर भोंगा वाजवायचा न्हाय, असं धक्क्यावर जाऊन सांगितलंय मी. सगळ्यांदेखत!"

सांगितलं होतं खरंच. भागोजी ती बोट चालवणारे तांडेल होते, तेव्हा घरात फोन नव्हता. इंजिन अडलं की सोबती घरासमोर भोंगा देत आणि भागोजी सुट्टीतही भरलं ताट सोडून धावत. आवडाबाईंच्या भांडणानंतर भोंगा थांबला. पुढे भागोजी निवृत्त झाले. बोट मुकाट समोरून जायची आणि ते ओसरीवरून बघत राहायचे. अलीकडे तर घरातही कुणाशी बोलेनासे झाले होते.

"आता कसली ड्युटी तुमची?"

"अगं, तो गणराज तांडेल झाला, पण पोरगंच हाय अजून. अडलं असेल काहीतरी. रिटायर माणसालासुद्धा सोडत न्हाईत मेले!" असं कुरकुरत भागोजींनी सदऱ्याची बटणं चालता चालताच लावली.

ते उतारावर दिसेनासे झाल्यावर आवडाबाईंनी मोबाइल उचलला. "गणराज, निघालेत बघ. इंजिनाचं काहीतरी इचार, आणि चार शिव्या खा त्यांच्या. उद्या पण भोंगा दे रे बाबा."