टोपीवाल्याची आई

“मेला नाही तो!” सासूनं उशीचा अभ्रा टेबलावर आपटला. “माझ्याकडून लिहून घ्या.”

इस्त्रीच्या दुकानात त्या दुपारी कामापेक्षा कालवाच जास्त होता. भिंतीवरच्या टीव्हीवर टोपीवाल्याचा शेवटचा भाग पुन्हा लागला होता. टोपीवाला म्हणजे मालिकेतला गुप्तहेर. इतकी वर्षं चोर पकडले, आणि मालिकावाल्यांनी त्याला एका गोदामासकट जाळून टाकलं. राखेत सापडली ती फक्त टोपी. घरचं माणूस कुणी मारावं तसे लोक चिडले होते.

“गोदामाला मागचं दार होतं,” शेजारचा शिंपी म्हणाला. “आधीच्या एका भागात दाखवलंय.”

“त्याला बाहेरून कुलूप होतं,” कंपाउंडर म्हणाला. “मी सांगतो, तो आत गेलाच नव्हता. टोपी तेवढी आत ठेवली.”

“माणूस जळतो आणि टोपी जळत नाही?” सासू कडाडली. “आम्हाला काय दूधखुळे समजतात?”

सून कोपऱ्यात इस्त्री करत होती. हातातल्या इस्त्रीपेक्षा तीच जास्त तापली होती.

तिचा नवरा धरणाच्या लाँचवर कामाला होता. एका सकाळी वारं सुटलं आणि लाँच उलटली. काही माणसं जिवंत निघाली, काही मेलेली. तो कसाच निघाला नाही. दिवसभर पाणी ढवळून मालक संध्याकाळी दारात आला, तेव्हा सासूनं पदरात तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. लोक म्हणाले, आईचं काळीज ते.

सून मात्र काठावर जाऊन बसायची. त्याला पोहता येतं, म्हणायची. कुठंतरी लागला असेल काठाला. सासूनंच तिला हाताला धरून घरी आणलं होतं. “गेला तो गेला. वेडी आशा धरू नकोस.”

पोटच्या पोरासाठी एक दिवसाची आशा नाही, आणि या रंग फासलेल्या नटासाठी मागची दारं शोधत होती!

त्यातून शिंप्यानं सुनेला मागणी घातलेली. बायको गेलेला, सरळ माणूस. दुकान बंद व्हायच्या आत उत्तर देते, असं तिनं त्याला सकाळीच सांगितलं होतं. म्हणून तो एकच शर्ट घेऊन दुपारपासून ठाण मांडून बसला होता. डोळे टीव्हीकडे, कान तिच्याकडे. सासूला ते ठाऊक होतं. तिचं एकच पालुपद, “मी जिवंत असेपर्यंत नाही.” मुलगा मेला म्हणून हात झटकायचे, आणि त्याची बायको मात्र राखून ठेवायची. कुणासाठी?

“आई,” सुनेला राहवलं नाही. “स्वतःच्या मुलासाठी एक तरी दार शोधलंत का हो?”

कंपाउंडर उगाच खोकला.

“ते खरं होतं. हे नाटक आहे,” सासू म्हणाली. “तू तुझं काम कर. आणि तुम्ही इकडं बघा. आता त्याची आई येईल. सगळी मेख तिथंच आहे.”

पडद्यावर टोपीवाल्याची आई आली. टोपी छातीशी धरून रडू लागली.

“बघा. रडते. ऊर बडवून रडते. पण विचारते का काही?”

“काय विचारणार ती?” शिंपी म्हणाला.

“अरे, शेवटचं काय खाल्लं होतं त्यानं? उपाशी तर नाही गेला? कुणाला हाक मारली का? जिचं पोर खरंच जातं ती आधी हे विचारते. हिनं एक अक्षर विचारलं नाही. का? तर हिला माहीत आहे. हिनंच लपवलाय त्याला.”

कंपाउंडरनं मांडीवर थाप मारली. “आजी, मानलं तुम्हाला! दवाखान्यात मी हेच बघतो. तरणा पोरगा जातो, आणि आई विचारते, जेवला होता का.”

“पण सख्खी आई जगाशी इतकं खोटं वागेल?” शिंप्याला पटेना.

“पोटचा गोळा रात्रंदिवस म्हणतो, आई, मला हा संसार नको, मला दुसरीकडं नव्यानं जगायचंय.” सासूचा आवाज मऊ झाला. तिनं अभ्र्यावरची सुरकुती बोटानं सारखी केली. “आणि एक दिवस तशी संधी समोर येते. मग काय करेल आई? तोंड शिवून घेते.”

करपल्याचा वास आला. शिंप्याच्या शर्टाची बाही जळत होती. सुनेनं इस्त्री उचलली आणि उभी करून ठेवली.

“आई,” ती म्हणाली, “लाँचचा मालक दारात आला, तेव्हा तुम्ही काय विचारलं होतंत?”

सासूचं बोट अभ्र्यावर थांबलं. कंपाउंडरचं हसू अर्ध्यातच विझलं. शिंप्यानं उठून टीव्ही बंद केला.

“कुठं असतो तो?” सुनेनं विचारलं.

दुपारभर जिचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता, ती सासू ओठातल्या ओठात म्हणाली, “हळू बोल. लोक ऐकतायत.”