आधी दवंडी

“नियम मंजूर करून घेतो, पण गाजावाजा नको,” उद्यान अधिकारी म्हणाला आणि ताईंचं डोकंच सणकलं.

“का नको? चोरीचा माल आहे का?”

तो टेबलावरचा पाण्याचा पेला उगाच इकडून तिकडे सरकवत राहिला. ताईंच्या शेजारी बसलेल्या औषधवाल्या काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘म्हणत होतो ना मी’ असाच भाव होता.

ताईंची चौकात लाँड्री होती. समोरच्या फर्निचरवाल्याने एका रविवारी दुकानापुढची तीन डेरेदार झाडं आडवी केली. का, तर पाटी झाकली जात होती. ताई इस्त्री तशीच टाकून धावल्या, तर तो चक्क हसला.

“माझं आवार, माझी झाडं. तुमच्या पोटात का दुखतंय?”

आणि खरंच, नगरपालिकेचा नियम फक्त रस्त्यावरच्या झाडांना होता. आवारातलं झाड कितीही जुनं असो, मालकाने सरपणासारखं तोडावं, कुणी हूं की चूं करणार नाही.

ताईंनी कंबर कसली. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या गाठायच्या. “सही केल्याशिवाय शर्ट मिळणार नाही,” असं म्हणायच्या, आणि ते पूर्ण थट्टेत नसायचं. गल्लीच्या गल्ली त्यांच्यामागे उभी राहिली. औषधवाल्या काकांनी दुकानावर भला मोठा फलक लावला. ताईंचा नवरा एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण सभेच्या खुर्च्या त्यानेच वाहिल्या. मागणी एकच होती. आवार कुणाचंही असो, जुन्या झाडाला हात लावायचा तर आधी परवानगी.

हा अधिकारी मात्र वर्षभर त्यांना झुलवत आला होता. पुढच्या बैठकीत बघू, वरून विचारून सांगतो, तुम्ही जरा दमानं घ्या. आणि आता घोडं गंगेत न्हायची वेळ आली, तर म्हणे गाजावाजा नको!

“सकाळी ठराव आणि दुपारपासून लागू,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “एवढं माझ्यावर सोडा.”

“म्हणजे लोकांना पत्ताच लागायला नको!”

“ताई, लोकांना आधी कळलं ना, तर...”

“तर तुम्हाला तो नियम कपाटात कोंबता येणार नाही!” ताईंचा आवाज असा चढला की बाहेरच्या शिपायाने आत डोकावून पाहिलं. “फर्निचरवाल्याशी तुमचं काय साटंलोटं आहे, ते आम्हाला कळत नाही असं समजू नका. आमचा नियम उजळ माथ्याने येऊ दे. आधी दवंडी, मग अंमल.”

अधिकाऱ्याने मान खाली घातली. बरोबर वर्मावर बोट ठेवलं, असं ताईंना वाटलं.

बैठकीत त्या तावातावाने बोलल्या. सदस्यांनी बाकं वाजवली. नियम मंजूर झाला आणि ताईंच्या हट्टापायी अंमल पुढच्या महिन्यापासून ठरला. दुसऱ्याच दिवशी कर्णा लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरू लागली. ती लाँड्रीसमोरून गेली तेव्हा ताईंना भरून आलं.

त्या आठवड्यातच एका सकाळी करवतीचा आवाज आला. ताई तरातरा निघाल्या. आवाज औषधवाल्या काकांच्या आवारातून येत होता. अर्धं झाड खाली आलं होतं.

“काका! तुम्ही?”

“अगं, पानांनी पन्हळ तुंबते,” काका नजर चुकवत म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून परवानगीसाठी कोण खेटे घालणार?”

काकांच्या पलीकडच्या घरातही करवत चालू होती. त्याच्या पलीकडेही.

ताई तणतणत घरी आल्या. नवरा अंगणात तुतीखाली उभा राहून वर बघत होता.

“अहो, ऐकलंत का? अख्खी गल्ली कापत सुटलीय!”

“तर काय! करवतवाला मिळता मिळेना,” तो म्हणाला. “तुझं नाव सांगितलं, तेव्हा कुठे आपल्याला उद्याची वेळ दिली त्याने.”