जांभळाचा घेर

बांधावरचं जांभळाचं झाड पुढं कसं वाढेल ते कॉम्प्युटरवर आधीच दाखवायचं, हे पिंपळवंडीच्या डॉ. कैलास यांचं परदेशातलं आयुष्यभराचं काम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गावी आईला फोन करायचे.

"आई, माझ्या हिशेबानं बुंध्याचा घेर आता एकसष्ट इंच हवा. टेप लावून बघ."

साळुबाई जरा वेळानं सांगायच्या, "तेवढाच भरला रं."

आकडा टिपला, की फोन बंद.

बारा वर्षांत त्यांचा एकही अंदाज चुकला नाही. मोठा पुरस्कार मिळाला, तसे डॉक्टर झाड बघायला गावी आले. झाडाच्या जागी डांबरी रस्ता होता.

"आठ वर्सं झाली तोडून," साळुबाई म्हणाल्या.

"अगं, मग मापं कुठली देत होतीस?"

"तूच आदी आकडा सांगायचास की. मी व्हय म्हणायची."

"पण का?"

"झाड न्हाई म्हणलं, की तुजा फोन यायचा बंद हुईल, असं वाटलं."




या गोष्टीला वर्ष झालं. महिन्याचे पहिले बारा रविवार येऊन गेले. साळुबाईंचा अंदाज अजून एकदाही चुकलेला नाही.